आंघोळीची उंची

इतिहासाच्या पुस्तकांतले राजे आंघोळ करीत नाहीत. ते गादीवर बसतात, स्वाऱ्या काढतात, तह करतात, तह मोडतात, रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावतात आणि प्रकरणाच्या शेवटी स्वर्गवासी होतात. मधल्या तीस-चाळीस वर्षांत एकदाही कुणी डोक्यावरून पाणी घेतल्याची नोंद नसते. वास्तविक कुठल्याही सेनापतीच्या लढाया आणि आंघोळी यांचा ताळेबंद मांडला, तर आंघोळीची बाजू कितीतरी भारी भरेल. पण परीक्षेत प्रश्न येतो तो पानिपताच्या कारणांवर. ‘न्हाणीतील बैठकीची उंची व तिचे परिणाम यांवर थोडक्यात टीप लिहा’ असे कुणी विचारीत नाही.

म्हणून ती टीप मी आपण होऊन लिहितो आहे. बँकेच्या कारकुनाने इतिहासात लुडबूड करू नये, हे मला मान्य आहे. पण इंच आणि फुटांचा हिशेब हा शेवटी हिशेबच, आणि त्यात आमचा हात धरणारा इतिहासकार अजून जन्माला यायचा आहे.

तर वाचकहो, आंघोळीचे जगात मुख्य पंथ दोन. पहिल्या पंथात माणूस पाण्यात जातो, दुसऱ्यात पाणी माणसावर येते. पहिला म्हणजे मुदत ठेव. सगळी रक्कम एकदम भरायची, आत स्वस्थ पडून राहायचे आणि मुदत संपली की बाहेर यायचे. दुसरा म्हणजे बचत खाते. तांब्याने थोडे थोडे काढायचे आणि बालदीचा तळ दिसू लागला की हात आखडता घ्यायचा. पहिल्या पंथात प्रश्न येतो तो काठाच्या उंचीचा, दुसऱ्यात बसायच्या जागेच्या उंचीचा. माणसाने या दोन उंचींशी कसा झगडा केला, हाच आंघोळीचा इतिहास.

सुरुवात मोहेंजोदारोपासून करू. तशी ती कुठल्याही निबंधाची करतातच. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या शहरात एक मोठे स्नानकुंड सापडले. लांबी सुमारे ३९ फूट, रुंदी २३ फूट, खोली ८ फूट. विटा घट्ट बसवून पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला. आमच्या वसाहतीतल्या गच्चीला अजून ही कला साधलेली नाही. पण मला त्या कुंडात खरे कौतुक वाटते ते दोन बाजूंच्या पायऱ्यांचे. त्या लोकांनी काठ उंच केलाच नाही. कुंड जमिनीत नेले आणि उतरायला पायऱ्या दिल्या. ज्याला गुडघाभर पाणी हवे त्याने दोन पायऱ्या उतराव्यात, ज्याला गळ्याइतके हवे त्याने आणखी उतरावे. एकाच कुंडात आजोबा, नातू आणि मधला सगळा गोतावळा आपापल्या उंचीने न्हाऊन निघाला.

ही पायरी आपण पुढे कधी सोडली नाही. नाशिक घ्या, वाई घ्या, नाहीतर आमच्या मालवण तालुक्यातले धामापूर घ्या. तिथल्या तलावाला २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने वारसा म्हणून मान्यता दिली. भगवतीच्या देवळापासून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर उभे राहिले की कळते, पायरी ही किती समजूतदार वस्तू आहे. ती कुणाला वय विचारीत नाही.

घोळ झाला तो कुंड उचलून घरात आणल्यावर. घरात आठ फूट खणता येत नाही, खाली दुसऱ्याचे घर तरी असते किंवा घराचा पाया तरी. म्हणून कुंड लहान झाले, जमिनीवर बसले आणि त्याला काठ आला. काठ आला की तो ओलांडणे आले. या काठाचा पहिला प्रसिद्ध ग्राहक म्हणजे सिराक्यूजचा आर्किमिडीज. काठोकाठ भरलेल्या टबात तो उतरला, पाणी बाहेर सांडले आणि तो ‘युरेका’ करीत रस्त्यावर धावत गेला, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली. सांगणारा व्हिट्रूव्हियस त्याच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी झाला, तेव्हा धावण्याच्या वेगाबद्दल आग्रह धरू नये. पण धडा खरा आहे. टब भरताना आपल्या देहाची जागा आधी वजा करावी.

हा धडा सगळेच लक्षात ठेवतात असे नाही. विल्यम टाफ्ट हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. वजन तीनशे पौंडांच्या वर. १९०९ साली त्यांच्यासाठी सात फूट एक इंच लांबीचा आणि एकेचाळीस इंच रुंदीचा टब बनवण्यात आला. त्यात चार धडधाकट कामगार बसवून काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. अध्यक्षपद सुटल्यावर १९१५ साली ते केप मे या गावी एका हॉटेलात उतरले. तिथला टब त्यांच्या मापाचा नव्हता. ते आत बसले, पाणी बाहेर आले आणि खालच्या भोजनगृहातल्या मंडळींवर छतातून ठिबकू लागले. आर्किमिडीजने ‘युरेका’ म्हटले होते. भोजनगृहातली मंडळी काय म्हणाली असतील, ते छापण्यासारखे नसावे.

काठाचा दुसरा गुण असा की त्यातून चटकन उठता येत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीतला पुढारी मारा याला कातडीचा विकार होता. दुखणे शमावे म्हणून तो तासन्‌तास टबात बसून, वर फळी आडवी टाकून लेखन करी. १३ जुलै १७९३ रोजी शार्लोत कोर्दे नावाची तरुणी भेटीला आली आणि तिने त्याच्या छातीत सुरी खुपसली. मारा खुर्चीवर बसला असता तर वाचला असता का, हे सांगता येत नाही. पण निदान उठून उभा राहिला असता. टबात बसलेला माणूस कितीही मोठा क्रांतिकारक असो, त्या क्षणी तो जागीच खिळलेला असतो.

आता हा काठ एवढा उंच का, हा प्रश्न. याचे उत्तर मला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सापडले. तिथे कोहलर नावाच्या गृहस्थांचा शेतीच्या अवजारांचा कारखाना होता. १८८३ साली त्यांनी जनावरांसाठी बनवलेली लोखंडी डोण तापवली, तिला पांढरे इनॅमल चढवले, खाली चार पाय लावले आणि माणसांना आंघोळीसाठी विकली, असे ती कंपनी स्वतःच अभिमानाने सांगते. म्हणजे आपण ज्याला साहेबी थाट समजतो, त्याच्या मुळाशी घोड्याची डोण आहे. पायांमुळे टबाखालची जमीन झाडता येऊ लागली, हा फायदा. पण काठ बावीस-तेवीस इंचांवर गेला, हा तोटा. घोड्याला चालत असेल. त्याला फक्त मान खाली घालायची असते, आत पाय टाकायचा नसतो.

पुढे विसाव्या शतकात टबाचे पाय गेले आणि तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला. काठ चौदापासून वीस इंचांपर्यंत खाली आला. दोनशे लिटर पाण्यासाठी माणसाला कुंपण चढायला लावू नये, एवढे शहाणपण यायला बरीच वर्षे लागली. त्याच सुमारास मेंकेन नावाच्या विनोदी पत्रकाराने २८ डिसेंबर १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात अमेरिकेतल्या टबाचा इतिहास लिहिला. पहिला टब अमुक शहरात, अमुक तारखेला, अमुक राष्ट्राध्यक्षाने तो व्हाइट हाउसात नेला, वगैरे सगळे साफ खोटे. लोकांनी ते खरे मानून पुस्तकांत घातले. १९२६ साली त्याने ‘मी थट्टा केली होती’ असे जाहीर केले, तरी लोक ऐकेनात. टबाच्या इतिहासात विनोदी लेखकांनी केलेल्या या घोटाळ्यामुळे मला इथे एकेक आकडा दोनदा तपासावा लागतो आहे. एकाने बनावट सही केली की सगळ्यांच्या सह्या भिंगाखाली जातात, तसलाच हा प्रकार.

आता आपल्या पंथाकडे वळू. आपल्याकडे काठ नाही, पाट आहे. जमिनीपासून जेमतेम दोन-तीन इंच. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून झाले की या पाटावर बसायचे, भोवती रांगोळी, अंगाला तेल-उटणे, आणि आई पाठीवर गरम पाण्याचा तांब्या अशा बेताने ओतणार की ओरडायला तोंड उघडावे तर पुढचा तांब्या तोंडात. पाट ठेंगणा असण्याचे कारण साधे आहे. आंघोळ करणारा खाली असला की ओतणाऱ्याचा हात सोपा चालतो. त्याहून खालची पायरी तान्ह्या बाळाची. न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून बसते आणि बाळाला पालथे पायांवर घेते. जगातला पहिला टब तो. उंची चार-पाच इंच, आतून ऊबदार, आणि घसरून पडल्याची तक्रार नाही.

उलट, पाणी ओतणारे उभे असतील आणि कार्य मोठे असेल, तर बैठक उंच करावी लागते. याचे सर्वांत थोर उदाहरण ६ जून १६७४ चे. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. अभिषेक म्हणजे काय? विधिपूर्वक स्नानच. जदुनाथ सरकारांनी महाराजांच्या चरित्रात या सोहळ्याचे वर्णन केले आहे. सोन्याने मढवलेल्या, सुमारे दोन फूट उंचीच्या चौरस आसनावर महाराज बसले, शेजारी सोयराबाई, मागे संभाजीराजे, आणि आठ दिशांना उभ्या असलेल्या अष्टप्रधानांनी गंगेच्या व इतर पवित्र नद्यांच्या पाण्याने भरलेले सोन्याचे कलश त्यांच्यावर ओतले. सिंहासनाबद्दल आपण पुष्कळ वाचतो. पण सिंहासनाच्या आधी हे न्हाण्याचे आसन होते, आणि त्याची उंची आजच्या खुर्चीपेक्षा थोडीच जास्त होती. राजाने ताठ बसावे, मान वर असावी आणि उभ्या प्रधानांना फार वाकायला लागू नये, असे ते माप.

याच महाराजांनी आमच्या मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचा पाया घातला. चहूबाजूंनी खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. नावांवरूनच कळते की गोड्या पाण्याला इथे केवढा मान होता. दोरीने वर ओढलेली कळशी दहा लिटरांची धरली, तर दोनशे लिटरांच्या टबाला वीस कळशा होतात. गडावर कुणी किल्लेदाराने टब मागितला असता, तर त्याची रवानगी वीस वेळा विहिरीवर झाली असती आणि एकविसाव्या वेळी त्याने स्वतःच पाट मागितला असता.

आमचे कोकण पाण्याच्या बाबतीत अजून तसेच आहे. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि मे महिन्यात विहिरीत कळशी तळाला खडखडते. त्यामुळे आमच्या जुन्या न्हाणीत पाण्याचा थेंब वाया जात नाही. एका कोपऱ्यात चूल, चुलीवर बसवलेले तांब्याचे भाण, जळणाला माडाची चुडते आणि सोडणे, मध्ये बसायला धोंड, आणि सांडपाणी भिंतीतल्या भोकातून थेट केळीच्या किंवा माडाच्या मुळाशी. माणूस स्वच्छ होतो आणि केळीला घड लागतो. दर्यावर्दी पोर्तुगीजांनी या न्हाणीला ‘बालदी’ आणि ‘बंब’ हे दोन शब्द दिले. ‘पगार’ हाही शब्द त्यांचाच. बालदी आणि पगार एकाच गलबतातून उतरले असावेत, कारण दोन्हींचा तळ दिसायला सारखाच वेळ लागतो. गोऱ्या साहेबांनी पुढे बंगल्यात जस्ताचा टब आणला, पण तो भिस्त्याच्या जिवावर. भिस्ती गेला आणि टबही अडगळीत गेला.

तो परत आला पर्यटकांबरोबर. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी धावू लागली, आणि घरोघरी ‘न्याहारी व निवास’ सुरू झाले. न्याहारीला घावणे आणि निवासाला टब. माझ्या मुंबईच्या चुलतभावानेही मालवणच्या घरात पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या ठरवल्या आणि एक पाय असलेला, तेवीस इंच काठाचा, चित्रात फार देखणा दिसणारा टब मागवला. टेम्पोतून तो उतरला तेव्हा माझी काकी, म्हणजे त्याची आई, पडवीत बसली होती. वय ब्याऐंशी. तिने टबाकडे नीट पाहिले आणि विचारले, “ह्यां म्हशीक हाडलंस काय माणसाक?”

कोहलरसाहेबांचे नाव काकीने ऐकलेले नाही. पण वस्तूचे मूळ ओळखायला तिला एक नजर पुरली.

भावाचा बेत उदात्त होता. जुन्या न्हाणीतली धोंड गुळगुळीत झाली आहे, आई खाली बसली की उठताना भिंत चाचपते, तेव्हा आईलाही टबच द्यावा, असे त्याच्या मनात आले. काकी म्हणाली, “आत जातलंय रे बाबा, पण माका भायर कोण काढतलो?” यावर घरात सगळे गप्प झाले. कारण प्रश्न टबाचा उरला नव्हता. सत्तर वर्षे स्वतःच्या हाताने पाणी तापवून, दार लावून घेऊन, कुणाची मदत न घेता न्हालेल्या बाईला उद्यापासून आंघोळीला कुणाचा तरी दंड धरावा लागणार की नाही, हा प्रश्न होता. सूनबाई कितीही चांगली असली तरी हा प्रश्न सुटत नाही. खाली दोन इंचांची धोंड, वर तेवीस इंचांचा काठ. एकीवरून उठवत नाही, दुसरा ओलांडवत नाही. मोहेंजोदारोची पायरी मध्येच कुठेतरी हरवलेली.

नळवाल्याने सुचवले, टब जमिनीत बुडवू. पण टब खाली गेला की त्याचे भोकही खाली जाते, बाहेरच्या मोरीला उतार राहत नाही आणि पाणी जाण्याऐवजी येऊ लागते. दुसरा म्हणाला, टबाशेजारी लाकडी पायरी ठेवू. ओल्या पायाने ओल्या पायरीवर एका पायावर उभे राहायचे, ही कसरत ब्याऐंशीव्या वर्षी कुणी शिकत नाही. शेवटी मी टेप मागवला. काकीला खुर्चीवर ताठ बसवले, पाय जमिनीला सपाट टेकवले आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत माप घेतले. सोळा इंच.

सगळ्या इतिहासाचे सार त्या सोळा इंचांत आहे. टेकून बसायची जागा तेवढी असली की दोन्ही पाय जमिनीवर राहतात, मांड्यांवर भार येत नाही आणि उठताना गुडघे अर्धेच काम करतात. टबाचा काठही त्याच मापाचा आणि टेकता येईल इतका रुंद घ्यावा. आधी काठावर बसावे, मग एकेक पाय आत फिरवावा. उभ्याने ओलांडू नये. अमेरिकेत अपंगांच्या सोयीसाठी १९९० साली कायदा झाला, त्याखालच्या नियमांत टबातल्या बैठकीची उंची १७ ते १९ इंच सांगितली आहे. तिथली माणसे थोडी उंच, म्हणून इंच-दोन इंच जास्त. आणि माप नेहमी लादी बसवल्यानंतरच्या जमिनीपासून मोजावे. चित्रांच्या पुस्तकात छापलेली उंची कंपनीच्या जमिनीवरची असते. आपल्या न्हाणीत उताराचे आणि लादीचे इंच त्यात मिसळतात, जसे व्याजात दंडव्याज मिसळते.

गवंड्याने माझे सगळे व्याख्यान शांतपणे ऐकून घेतले. मग जांभ्याच्या एका चिऱ्यावर वीत टाकली, सात इंच भरला, आणि म्हणाला, “दोन चिरे नि वर लादी. झाला काम.” दोन चिऱ्यांचे चौदा, मधल्या मालाचा एक, खरखरीत लादीचा एक. बरोबर सोळा. ज्या मापासाठी मी मोहेंजोदारोपासून निघालो होतो, ते त्याच्या पाटीत पडलेले होते.

दोन दिवसांत न्हाणीत भिंतीला धरून कट्टा झाला. शेजारी हाताला पकडायला भक्कम आडवी कांब, कट्ट्यावर हाताच्या अंतरावर बालदी, म्हणजे वाकायला नको. सांडपाणी पूर्वीसारखेच केळीला. तेवीस इंचांचा टब परत गेला आणि पर्यटकांच्या खोलीत सतरा इंचांचा, रुंद काठाचा आला. तो मुंबईकरांना पुरतो. मे महिन्यात त्यावर भाऊ ‘पाणी जपून वापरावे’ अशी पाटी लावतो आणि काकी त्याला ‘म्हशीची खोली’ म्हणते.

एकदा हा हिशेब कळला की आयुष्याचा आलेखही न्हाणीतच दिसतो. पहिली आंघोळ दुसऱ्याच्या पायांवर होते, शेवटची दुसऱ्याच्या हातांनी. या दोन्ही आंघोळींत आपले काही चालत नाही. मधली सगळी वर्षे तांब्या आपल्या हातात असतो, आणि माणूस खऱ्या अर्थाने स्वतंत्र असतो तो तेवढाच काळ. तेव्हा घर बांधताना देवघराची दिशा, दाराचा रंग आणि टबाची कंपनी याबद्दल घरात जरूर भांडावे. पण न्हाणीतली उंची ठरवताना एकच गुडघा मोजावा, घरातला सर्वांत म्हातारा. तरुण गुडघ्यांनी रागावू नये. थोडी वर्षे थांबले की तेच माप त्यांनाही नेमके बसते.